चेंबर बसवला, तरी सायकल ओढत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. सायकलवर टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलेलं आहे. किटबरोबर आलेला साधा सायलेन्सर काढून कोणीतरी सुचवलेला एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगीर आणि मागे निमुळता होणारा धुराचा पाइप, लावला. पहिल्या दिवशी आवाज बदलला आणि जोर वाढल्यासारखा वाटला. आठवड्याभरात सायकल चढावर गुदमरायला लागली, तिशीच्या वेगात आधीपेक्षाही मंद झाली. पॅकिंग बदललं, चार दिवस बरी चालली, परत तेच. कार्बुरेटर धुतला, दोन दिवस बरी, परत तेच. शेवटी जुना सायलेन्सर चढवला जातो आणि ‘चेंबरमध्ये काही अर्थ नाही’ असं ठरवून तो पाइप माळ्यावर जातो.

माझ्या सायकलवर हे चक्र दोन महिने चाललं. त्यात तीन पॅकिंगं, दोन प्लग आणि एक स्टड (पाइप इंजिनाला धरून ठेवणारा आटेवाला दांडा) गेला, कारण मी दर वेळी लक्षण दाबत होतो. खरे दोष दोन होते आणि एकाखाली एक लपलेले होते. वर होती फ्लँजपाशी, म्हणजे पाइप जिथे नटांनी इंजिनाला जोडतात त्या चपट्या तोंडापाशी, गळती. तिच्याखाली होती पाइपची लांबी, जी माझ्या इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळतच नव्हती. गळती चालू असेपर्यंत लांबीचा दोष कळत नाही, आणि लांबी चुकलेली असेल तर जेट (कार्बुरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) कितीही बदलले तरी समाधान होत नाही. म्हणून तपासण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी गळती, मग लांबी आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मग पेट्रोल-हवेचं मिश्रण. मी नेमका उलट्या क्रमाने गेलो होतो.

आधी एक गैरसमज दूर करू

‘सायलेन्सर जितका मोकळा तितकी ताकद जास्त’ हा समज फोर-स्ट्रोक गाड्यांवरून आलेला आहे. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर टाकण्याचं काम व्हॉल्व्ह करतो आणि वेळ झाली की तो बंद होतो. आपल्या इंजिनात व्हॉल्व्हच नाही. सिलिंडरच्या भिंतीतलं एग्झॉस्टचं भोक पिस्टन खाली गेला की उघडतं, वर आला की झाकलं जातं. ताजं मिश्रण आत सोडणारी ट्रान्सफरची भोकं एग्झॉस्टच्या नंतर उघडतात आणि त्याच्या आधी बंद होतात. म्हणजे ताजं मिश्रण आत येतं त्या सगळ्या वेळात बाहेरची वाट सताड उघडी असते. त्यातलं थोडं मिश्रण न जळताच पाइपात निसटतं.

चेंबरचं काम हे निसटलेलं मिश्रण परत आत ढकलण्याचं आहे. भोक उघडताच दाबाची एक लाट पाइपातून धावत जाते. रुंद होत जाणाऱ्या शंकूत तिचा काही भाग ओढीच्या लाटेच्या रूपाने उलटा फिरतो आणि सिलिंडरातला उरलेला धूर खेचून काढतो. पुढे अरुंद होणाऱ्या शंकूवर तीच लाट आपटते, दाबाची लाट होऊन परत येते आणि भोक बंद होण्याच्या जरा आधी निसटलेलं मिश्रण आत लोटते. ही परतीची लाट वेळेवर आली तर ताकद मिळते. लवकर किंवा उशिरा आली, तर साध्या सायलेन्सरपेक्षाही वाईट परिणाम होतो, कारण चुकीच्या क्षणी ती धूरच परत आत कोंबते.

या पाइपाचं शास्त्र शर्यतीच्या मैदानात तयार झालं. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात त्यावर चिकाटीने काम केलं, आणि १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं. ज्या नळीकडे आपण केवळ धूर सोडायची सोय म्हणून पाहतो, तिच्यात एवढं दडलेलं होतं.

सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली किंवा पाइप मध्येच कापला की आवाज वाढतो, आणि कान त्या आवाजालाच ताकद समजतात. परत येणारी लाटच उरली नाही तर मिश्रण बाहेर जाऊन जळतं किंवा वाया जातं. तुमची तक्रार जाळी काढल्यानंतर सुरू झाली असेल तर जाळी परत बसवून बघा, बाकीचं वाचायची कदाचित गरज पडणार नाही.

गळती: इथे घाई करू नका

लक्षणं ओळखता येतात. एग्झॉस्टच्या भोकापाशी सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांवर (फिन्सवर) काळं, चिकट तेल. थंड इंजिन चालू केल्यावर फ्लँजपाशी ‘टिक-टिक’ असा आवाज, जो तापल्यावर कमी होतो. ॲक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर पाइपात फटफट. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे पॅकिंग बदलल्यावर काही दिवस सगळं छान चालतं.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन थंड असू द्या. पिस्टन वरच्या टोकाशी आणा, म्हणजे एग्झॉस्टचं भोक बऱ्यापैकी झाकलं जाईल. पाइपाच्या शेपटीत, म्हणजे मागच्या बारीक नळीत, रबरी नळी घट्ट खोचून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा आणि फ्लँजभोवती, तसंच प्रत्येक वेल्डिंगवर साबणाचा फेस लावा. थोडी हवा पिस्टनच्या बाजूने आत जाईलच, त्याची काळजी नको. फेसात बुडबुडे कुठे फुटतात ते बघा. माझ्या पाइपात फ्लँजशिवाय आणखी एक गळती सापडली, ती पोटाच्या (चेंबरच्या सगळ्यात फुगीर भागाच्या) वेल्डिंगवर, रंगाखाली. नुसतं बघून ती कधीच दिसली नसती.

आता गळती परत परत का होते? पॅकिंग जळतं म्हणून नाही. पॅकिंग हा यातला बळी आहे. कारणं बहुधा तीन असतात.

एक, फ्लँज वाकलेली असते. पातळ पत्र्याची फ्लँज दोन्ही नट आवळले की मधे फुगते आणि कडांवर टेकते. काचेवर किंवा सपाट फरशीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून फ्लँज आठाच्या आकारात घासा. दोन मिनिटांत कळतं की फक्त दोन कोपरे चमकतायत आणि मधला भाग काळाच आहे. सगळी कड एकसारखी चमकेपर्यंत घासायचं. फारच वाकली असेल तर ६ मिलिमीटर जाडीची नवी फ्लँज वेल्ड करून घेतलेली बरी. वेल्डिंगच्या उष्णतेने तीही वाकू शकते, म्हणून घासायचं काम वेल्डिंगनंतरच.

दोन, भोक जुळत नाही. पॅकिंग सिलिंडरवर धरून बघा. त्याची कड भोकाच्या आत डोकावत असेल तर ती आगीच्या थेट वाटेत आहे आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. कड कानशीने मागे घ्या. फ्लँजचं भोक सिलिंडरच्या भोकापेक्षा लहान असेल तर तिथे पायरी तयार होते आणि लाट पहिल्याच पावलाला ठेचकाळते. फ्लँजचं भोक मोठं करा, सिलिंडरच्या भोकाला हात लावू नका. सिलिंडरचं भोक वर सरकवलं की उघडं राहण्याची वेळ बदलते, आणि ते काम मापाशिवाय करायचं नसतं.

तीन, आणि हेच माझं कारण होतं: पाइप लटकतोय. जुना सायलेन्सर आखूड आणि इंजिनाला चिकटून असतो. चेंबर लांब आणि जड असतो. त्याला आधार नसेल तर त्याचं सगळं वजन दोन स्टडांवर पडतं, आणि एकच सिलिंडर असलेलं हे इंजिन सतत हादरत असतं. नट ढिले होतात, पॅकिंग फुटतं, आणि शेवटी स्टड कापला जातो. माझा स्टड सिलिंडरच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला तेव्हा मला हे उमगलं. त्या दिवशी सायकल चार किलोमीटर ढकलत आणताना मनात एकच विचार होता: पहिलं पॅकिंग गेलं तेव्हाच पाइप हाताने हलवून बघायला हवा होता.

आधार कसा द्यायचा याकडे लक्ष द्या. इंजिन आणि फ्रेम एकमेकांच्या तालावर हलत नाहीत. पाइप एका टोकाला इंजिनाशी आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमशी कडक बांधला तर मधे कुठेतरी तडा जाणारच. पोटाच्या किंवा शेपटीच्या जवळ पट्टी वेल्ड करून ती रबरी बुशमधून पकडा. शक्य असेल तर बेंड (इंजिनापासून निघणारी सुरुवातीची वाकडी नळी) आणि चेंबर यांच्यात सरकता सांधा ठेवून तो दोन स्प्रिंगांनी ताणून धरा. शर्यतीच्या गाड्यांवर हीच पद्धत असते.

तुटलेला स्टड ६ मिलिमीटरचा असेल तर तो मधोमध ड्रिल करून काढता येतो. आटे गेले असतील आणि भोवती धातू पुरेसा असेल तर ६.८ मिलिमीटरचं ड्रिल मारून ८ मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि जाड स्टड बसवा. ड्रिल तिरकं गेलं तर फ्लँज कधीच सपाट बसत नाही, म्हणून सिलिंडर उतरवून हे काम उभ्या ड्रिल मशीनवर करा. नट आवळताना एक थोडा, मग दुसरा थोडा, असं आळीपाळीने. ६ मिलिमीटरच्या स्टडला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरेसे होतात, त्याहून जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटेच वर येतील. स्प्रिंग वायसर उष्णतेने आपला ताण हरवतो आणि नायलॉनवाला लॉक नट वितळतो. पूर्ण धातूचा लॉक नट घ्या, नाहीतर नटावर नट लावा. पहिल्यांदा गाडी पूर्ण तापून परत थंड झाली की पुन्हा एकदा आवळायचे. हे एक आवळणं चुकवलं की वरची सगळी मेहनत वाया जाते.

गळती गेली, पण जोर आला नाही

माझी गळती थांबली आणि मग दुसरा दोष स्पष्ट दिसला. सायकल आता सुरळीत चालत होती, पण चढावर मेलेली. सपाटीवर मूठ पूर्ण पिळली तरी नुसता गुणगुणाट. इथे मोजपट्टी आणि थोडं गणित लागतं. कंटाळू नका, याच भागात बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

पाइपातली लाट तापलेल्या वायूत सेकंदाला साधारण ५१० मीटर वेगाने धावते. तिला जाऊन परत यायचं असतं आणि त्यासाठी एग्झॉस्टचं भोक उघडं आहे तेवढाच वेळ मिळतो. यावरून एक सोपं सूत्र निघतं: भोक किती अंश उघडं राहतं तो आकडा गुणिले ४२,५००, भागिले मिनिटाच्या फेऱ्या. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ही लांबी पिस्टनच्या तोंडापासून मागच्या अरुंद शंकूच्या साधारण मध्यापर्यंत मोजायची, पाइपाच्या वळणावळणाने आणि नळीच्या मधोमध. बाहेरून दोरा लावून मोजलं तरी चालतं.

भोक किती अंश उघडं राहतं हे कसं काढायचं? मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचं) झाकण काढून त्याच्या फिरत्या रोटरच्या नटावर ३६० अंशांची कागदी चकती चिकटवा, आणि तारेचा तुकडा वाकवून काटा करा. प्लगच्या भोकातून पिस्टनला मधे अडवणारा बोल्ट घाला. रोटर हळूच एकदा इकडे आणि एकदा तिकडे, पिस्टन अडेपर्यंत फिरवा. दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे पिस्टनचं वरचं टोक. तिथे शून्य ठेवा आणि अडवणारा बोल्ट आठवणीने काढा. आता पाइप काढून भोकातून टॉर्च मारत पिस्टन खाली आणा. पिस्टनच्या माथ्यावरून प्रकाशाची पहिली रेघ दिसली की काटा वाचा. माझ्या इंजिनात १०४ अंश आले. १८० मधून १०४ गेले, उरले ७६, त्याची दुप्पट १५२. म्हणजे माझं भोक १५२ अंश उघडं राहतं.

आता माझा तयार चेंबर. दोरा लावून मोजलं तर ६२० मिलिमीटर. १५२ गुणिले ४२,५०० म्हणजे ६४,६०,०००. त्याला ६२० ने भागलं तर सुमारे १०,४०० फेऱ्या. म्हणजे हा पाइप मिनिटाला १०,४०० फेऱ्यांवर काम करायला बनलेला होता. बाजारात मिळणारे बरेच आखूड चेंबर मुळात लहान, उंच फेऱ्यांच्या इंजिनांसाठी घडवलेले असतात. फ्लँजची भोकं जुळतात एवढ्यावर ते सायकलच्या इंजिनाला लावले जातात.

सायकल त्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, तेही हिशेबाने कळतं. या किटांत बहुधा इंजिनातलं पहिलं गिअर ८२ आणि २० दातांचं असतं, म्हणजे ४.१ पट. पुढे चेनला १० दात आणि मागच्या चाकाला ४४ दात, म्हणजे ४.४ पट. दोन्ही गुणून साधारण १८. चाक २६ इंची असेल तर त्याचा एक फेरा सुमारे २.०७ मीटरचा. यावरून निघणारा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ताशी वेग गुणिले १४५ म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या. तीसच्या वेगाला ४,३५०. पंचेचाळीसला ६,५००. १०,४०० फेऱ्या गाठायच्या तर सायकल ताशी ७२ किलोमीटरने पळायला हवी. सायकलची चाकं, ब्रेक आणि हेडसेट (हँडलची बेअरिंगं) त्या वेगासाठी नाहीत आणि हे इंजिनही त्या फेऱ्यांसाठी नाही. म्हणजे माझा पाइप जिथे जागा होणार होता, तिथे मी कधी जाणारच नव्हतो. त्याखालच्या सगळ्या वेगांत परतीची लाट लवकर येऊन सिलिंडरात धूर ढकलत होती.

मागचं स्प्रॉकेट ३६ दातांचं असेल तर हाच आकडा १४५ ऐवजी ११९ होतो. तीसच्या वेगाला फेऱ्या जेमतेम ३,६००. चेंबर लावायचा आणि वरून मागचे दात कमी करायचे, ही जोडी मी अनेक सायकलींवर पाहिली आहे आणि चढावर ती हमखास अडते. चेंबर ठेवायचा असेल तर ४४ दात राहू द्या.

मी लक्ष्य धरलं ७,००० फेऱ्यांचं, म्हणजे माझ्या सायकलवर ताशी ४८ चा वेग. पाइपाचा जोर त्या शिखराच्या बराच आधी चढायला लागतो, त्यामुळे पस्तीस-चाळीसच्या आसपास फायदा दिसायला हवा. सूत्राने लांबी आली ९२३ मिलिमीटर. माझा पाइप ३०० मिलिमीटरने आखूड होता. शंकू कापून नवे बनवण्याऐवजी मी बेंडमध्ये त्याच आतल्या व्यासाचा ३०० मिलिमीटरचा तुकडा घालून घेतला. शंकूंचं मूळ प्रमाण यामुळे बिघडतं आणि शिखर थोडं बुटकं होतं, हे खरं. पण सायकलला टोकदार शिखर नकोच असतं. ताकद एकदम अंगावर येण्यापेक्षा पसरून आलेली बरी, कारण इथे गिअर बदलायची सोय नाही.

फरक पहिल्याच चढावर कळला. ज्या चढावर मला पायडल मारावं लागायचं, तिथे सायकल स्वतः चढली. मी वर पोहोचून थांबलो आणि परत खाली जाऊन पुन्हा चढवून पाहिली, खात्री व्हावी म्हणून.

तुमच्या इंजिनावर ‘८० सीसी’ लिहिलेलं असेल तर एक सांगून ठेवतो. ४७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) असेल तर ते इंजिन ६६ सीसीचंच आहे. ४० मिलिमीटर बोअरवालं ४८ सीसी असतं. पाइप निवडताना शिक्क्यावर विसंबू नका, बोअर आणि स्ट्रोक मोजा.

शेपटीचा व्यास

चेंबरच्या मागची बारीक नळी उगाच बारीक नसते. चेंबरातला दाब तीच धरून ठेवते. तिचा आतला व्यास बेंडच्या व्यासाच्या साधारण ०.६ पट आणि लांबी तिच्या स्वतःच्या व्यासाच्या बारा पटींच्या आसपास असावी. बेंड २५ मिलिमीटरचा असेल तर शेपटी १५ ची, लांबी १८० च्या जवळपास. आवाज कमी व्हावा म्हणून शेपटीच्या तोंडात बारीक भोकाची टोपी बसवणं धोक्याचं आहे. उष्णता आत कोंडते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. आवाज कमी करायलाच हवा, शेजारपाजारच्यांनाही आयुष्य आहे. त्यासाठी शेपटीच्या पुढे, आत तितक्याच व्यासाची छिद्रंवाली नळी असलेला आणि काचतंतू भरलेला छोटा सायलेन्सर लावा. तेलाने काचतंतू भिजले की आवाज वाढतो, मग ते बदलायचे.

जुन्या पाइपात हळूहळू जोर कमी होत गेला असेल तर शेपटीत कार्बन बसलाय का बघा. लोखंडी पाइप कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला की कार्बन सुटतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवू नका, सोडा तो खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

मिश्रण: सगळ्यात शेवटी

पाइप जुळला की इंजिन आधीपेक्षा जास्त हवा ओढतं. जेट जुनंच असेल तर पेट्रोल कमी पडतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं आणि सीझ होऊ शकतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरात अडकतो. म्हणून पाइप बदलल्यावर पूर्ण मुठीने लांब पळवायच्या आधी ही तपासणी करा.

सपाट रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून चालवा, मग मूठ किंचित सोडा. सोडताच इंजिनाने क्षणभर उचल घेतली तर मुख्य जेट लहान आहे. चोक थोडा ओढून बघा: सुधारलं तर मिश्रण पातळ, घोटाळलं तर गाढं. मधल्या मुठीवर अडखळत असेल तर जेटला हात न लावता निडलची (कार्बुरेटरमध्ये मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप हलवा. क्लिप एक खाच खाली नेली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण गाढं होतं. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.

प्लगचा रंग मुठीच्या नेमक्या स्थितीत बघायचा. स्वच्छ प्लग घाला, पूर्ण मुठीने थोडं अंतर पळवा, मग चालत्या गाडीतच इंजिन बंद करून लगेच क्लच दाबा आणि थांबून प्लग काढा. बदामी तपकिरी रंग चांगला. पांढराफटक असेल तर मोठं जेट घाला. त्यावर चंदेरी बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, तिथून पुढे गाडी चालवू नका.

इथे एक चूक वारंवार होते. इंजिन तापतंय म्हणून पेट्रोलमध्ये तेल वाढवलं जातं. पण तेल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. माझं प्रमाण २५ ला १ आहे, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. तेल बदललं की जेटची तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणून आधी तेलाचं प्रमाण ठरवा आणि मग जेटला हात लावा.

हे सगळं करताना इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका. एग्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि लांब केलेला पाइप पोटरी, टायर आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर जातोय ना, हे सायकलवर बसून, पायडल पूर्ण फिरवून बघा.

एवढं करूनही एक लक्षण राहतं, त्यासाठी कुठेही पाना लावू नका. सकाळी थंड सायकल काढली की पहिला किलोमीटर ती सुस्त वाटते आणि मग एकदम मोकळी होते. थंड पाइपातला वायू थंड असतो, त्यात लाट हळू धावते आणि पाइप असायला हवा त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. पाइप तापला की लांबी आपोआप जुळते. मी या पहिल्या किलोमीटरसाठी दोनदा जेट बदललं होतं आणि दोन्ही वेळा ते परत जागेवर आणावं लागलं.